आमच्या दारी आलेले यंत्र



या व्यासपीठावर आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली. मी सातवी झालेला माणूस. सतराव्या वर्षी ओतकामाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि पुढे कामगार संघटनेचे काम जे गळ्यात पडले ते पन्नाशी उलटली तरी उतरलेले नाही. इंग्रजी जे काही येते ते कोर्टाचे निकाल आणि कंपन्यांचे ताळेबंद वाचता वाचता आलेले. 'यंत्र आणि मानव' या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा होती. परंतु साऱ्या यंत्रांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी एकाच यंत्राविषयी बोलणार आहे. ते चीनमधून आले, आपल्या कोल्हापुरात आमच्या पाच माणसांनी ते विकत घेतले, उभे केले, आणि ते उभे करता करता ती पाच माणसे मोडायची वेळ आली.

त्या यंत्राचे नाव सीएनसी राउटर. सुतारांच्या हातात हल्ली विजेचा राउटर असतो, तो आपण पाहिला असेल. वेगाने फिरणारी मोटर आणि तिच्या टोकाला लाकूड कोरणारे पाते. हीच मोटर मोठी करून एका आडव्या पुलावर बसवायची. पूल टेबलावरून पुढेमागे सरकतो, मोटर पुलावर डावी-उजवीकडे जाते आणि वरखाली होते. या तिन्ही हालचाली संगणकातल्या आकड्यांच्या हुकमाने झाल्या की झाला सीएनसी राउटर. देव्हाऱ्यांवर आणि दरवाजांवर जी एकसारखी नक्षी आता सगळीकडे दिसते ती याचीच करामत. आमच्या माणसांना मात्र तो नक्षीसाठी नको होता, पॅटर्नसाठी हवा होता.

कोल्हापूरकरांना ओतकाम म्हणजे काय हे सांगायला नको. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला ज्यांच्या घरचे कुणी जात नाही असे लोक या सभेत थोडेच असतील. पण वाळूच्या ज्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात, ती पोकळी ज्याचा ठसा असते तो लाकडी पॅटर्न बाहेरच्या माणसाने सहसा पाहिलेला नसतो. तो करणारा कारागीर सुतार खरा, पण त्याला लोखंडाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. लोखंड निवताना आकसते. बिडाचे ओतीव मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, पोलादाचे त्याच्या दुप्पट. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब कोण करीत बसणार? तेव्हा या कारागिरांनी पूर्वीपासून एक युक्ती केली आहे. त्यांची पट्टीच मोठी असते. बिडासाठी जुना फूट बारा इंचांचा नसे, बारा इंच आणि वर एक अष्टमांश असा असे. आकडे नेहमीचेच, फक्त प्रत्येक आकडा जरा पुढे सरकलेला. तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतात. ही पट्टी आपण ध्यानात ठेवा, ती पुढे येणार आहे.

आमचे चौघे ज्या पॅटर्नच्या कारखान्यात होते तो २०१८ साली बंद झाला. ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई मिळवायला आम्हांला चौदा महिने लागले. पाचवा एक तरुण मुलगा. त्याचे वडील त्याच कारखान्यात होते आणि निकाल लागण्यापूर्वी वारले. त्यांच्या वाट्याचे पैसे त्याच्या हाती आले. या पाच जणांनी माझ्यासमोर बसून सांगितले, भाऊ, आम्ही भागीदारीत मशीन घेतो. मी नको म्हणालो. आयुष्यभर मालकाशी भांडलेल्या माणसाला आपलीच माणसे मालक होताना पाहणे जड जाते, हे एक कारण. दुसरे असे की, ग्रॅच्युइटी म्हणजे म्हातारपणाची भाकरी. ती पणाला लावा असे कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनी माझे ऐकले नाही, आणि मग मी त्यांच्याबरोबर गेलो.

देशी यंत्राला लागणारे पैसे नव्हते, म्हणून परदेशी. चीनमध्ये शानतुंग प्रांतात चिनान नावाचे शहर आहे, तिथे ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर बनतात. आम्हांला भाव मिळाला साडेपाच लाखांचा. पण हा भाव तिथल्या बंदरात जहाजावर पेटी चढेपर्यंतचा. जहाजाचे भाडे, विमा, सीमाशुल्क, त्यावरचा अधिभार, मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, न्हावा शेव्याच्या दलालाचे पैसे, गोदामाचे भाडे, ट्रक. दारात येईपर्यंत ते साडेआठ लाखांचे झाले. कराची वजावट पुढे मिळते खरी, पण आधी रोख मोजावे लागतात, आणि रोख तर संपत आलेले. उरलेल्यासाठी पतसंस्थेचे कर्ज झाले.

प्लायवूडची पेटी क्रेनने उतरली तेव्हा पेढे वाटले. पेढ्यांची चव दुसऱ्या दिवशी गेली. पेटीबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत होते, पण ते इंग्रजी इंग्रजांनाही कळले नसते. विक्रेत्याचा माणूस मोबाइलवर चित्रे पाठवी. त्याची घड्याळे आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे आमची दुपारची चहाची वेळ झाली की त्याची घरी जायची वेळ होई.

वीज जोडणे हेच आठ दिवसांचे काम झाले. तिकडे तीन फेजचा दाब ३८० व्होल्ट, आपल्याकडे ४१५, आणि रात्री कारखाने थांबले की त्याहून चढलेला. मोटर फिरते मिनिटाला २४,००० फेरे, म्हणजे तिला ५० नव्हे तर ४०० हर्ट्‌झचा प्रवाह लागतो. तो तयार करणारी एक वेगळी पेटी असते. त्या पेटीत मूळ वारंवारता चुकून ५० राहिली तर मोटर तासाभरात जळून जाते. आमच्या वायरमनने बटण दाबण्यापूर्वी ते पाहिले म्हणून वाचलो. जमिनीत खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून यंत्राला स्वतंत्र अर्थिंग दिले, कारण धूळ ओढणाऱ्या नळीत स्थिर वीज साठते आणि संगणकाचे हुकूम मध्येच बिघडतात.

धोक्याच्या लाल बटणाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ते दाबले की पूल थांबे, पण पाते फिरतच राही. ज्या क्षणी माणसाचा हात जायचा त्या क्षणी जे पाते थांबत नाही, त्याला लाल बटण म्हणायचे ते कशासाठी? आम्ही एक कॉन्टॅक्टर घालून दोन्ही एकदम बंद होतील अशी व्यवस्था केली. ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी एवढे तपासावे.

मग यंत्र काटकोनात आणायचे. प्रवासात पूल जरा तिरका झाला होता. त्यासाठी युक्ती साधी आहे. ९०० आणि १२०० चा चौकोन आखायचा, दोन्ही कर्ण १५०० आले पाहिजेत. ते जुळत नव्हते, दोन मिलिमीटरचा फरक होता. आमच्यात जे सर्वांत वडीलधारे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी डोळ्यांनीच सांगितले होते, "ह्यो पूल लंगडतोय." पुलाच्या एका बाजूची मोटर पुढे घेऊन ते दुरुस्त झाले.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. कामाची वाटणी मी करून दिली होती. ज्याला जे येते त्याने ते करावे, असे मी म्हणालो. मुलगा संगणकावरचे ड्रॉइंग शिकलेला, तेव्हा यंत्र त्याच्याकडे. मामांना संगणक येत नाही, तेव्हा मामांनी लाकूड निवडावे, शेवटी पॉलिश करावे, झाडलोट पाहावी. मला ते न्याय्य वाटले. चाळीस वर्षे पॅटर्न केलेल्या माणसाच्या हातात मी झाडू दिला, आणि वर त्याला व्यवस्था असे नाव दिले.

पुढचे काम मापाचे. संगणकाला म्हणायचे, १००० मिलिमीटर चाल, आणि ते खरोखर किती चालले ते मोजायचे. कमीजास्त असेल तर त्या प्रमाणात आतला आकडा बदलायचा. मुलाने मामांच्या पेटीतली लांब पोलादी पट्टी घेतली. मोजले तर ९९० भरले. मीटरला १० मिलिमीटरची चूक म्हणजे फार झाली. पण पूल तिरका आलेला, पुस्तक तसले, आणि सगळ्यांनी म्हटले, चिनी मालच तो, असायचेच! आकडा बदलला. पुन्हा मोजले, बरोबर १००० आले. त्या पट्टीवरचा शिक्का झिजून गेला होता. ती श्रिंकेजची पट्टी होती.

कारखान्यातून बरोबर आलेले यंत्र आम्ही आमच्या हाताने बिघडवले होते. आणि गंमत पाहा, काटकोनाची परीक्षा पुन्हा घेतली ती पास झाली, कारण पट्टी कितीही मोठी असली तरी तीन-चार-पाचचे प्रमाण काही बदलत नाही. पहिले काम आले ते एका पंपाच्या आवरणाचे. ड्रॉइंगमध्ये आकसण्याचा एक टक्का मुलाने रीतसर घातला. यंत्राने त्यावर आपला एक टक्का घातला. पॅटर्न तयार झाल्यावर त्याच पट्टीने तपासला, आणि पट्टीने अर्थातच सगळे ठीक असल्याचे सांगितले. मामांना कुणी विचारले नाही. फाउंड्रीला घाई होती, त्यांनी नमुना तपासण्याआधीच बारा नग ओतले. मशीन शॉपमध्ये गेल्यावर एकाचेही भोक भोकाला जुळेना. बाराही नग पुन्हा भट्टीत गेले, आमचे बिल गेले, आणि धातूचा खर्च आमच्या नावे पडला. त्याच महिन्यात कर्जाचा दुसरा हप्ता होता.

मामांनी पट्टी हातात घेतली आणि एवढेच म्हणाले, "आरं, ही तर माझी श्रिंकेजची पट्टी. हिनं मिशीन मापलंस व्हय?"

त्या रात्री युनियनच्या कचेरीत तीन तास बैठक चालली. मालकाविरुद्ध एका सुरात बोलणारी माणसे मी तीस वर्षे पाहिली आहेत. आपल्याच पैशावर बसलेली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, ते त्या रात्री पाहिले. एक म्हणाला, नुकसान पोराच्या हिश्शातून कापा. मुलगा म्हणाला, माझे पैसे परत द्या, मी पुण्याला नोकरी बघतो. दुसरा म्हणाला, पट्टी कुलपात का ठेवली नाही, चूक मामांची. मामा काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला सर्वांत जास्त लागले.

त्या सुमारास मी एक पुस्तक वाचीत होतो. डेव्हिड नोबल नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९८४ साली 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' हे पुस्तक लिहिले, त्यात या आकड्यांवर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास आहे. मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स याला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे बाक अचूक हवे होते, तिथून ही कल्पना निघाली. पुढे अमेरिकन हवाई दलाच्या पैशाने मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात काम झाले आणि १९५२ साली पहिले यंत्र लोकांसमोर चालवून दाखवले. पण त्याच काळात दुसरी एक वाट होती. कुशल कारागिराने एकदा हाताने काम करायचे, यंत्राने त्याच्या हालचाली फितीवर टिपून घ्यायच्या, आणि मग त्याच पुन्हा पुन्हा करायच्या. ही वाट मागे पडली. नोबल म्हणतो, पडली कारण तीत कौशल्य कारागिराकडेच राहत होते, आणि व्यवस्थापनाला ते कारखान्यातून उचलून कचेरीत न्यायचे होते. मला हे सगळेच पटते असे नाही. पार्सन्सला हवे होते तसले बाक हाताने चालवून टिपता आले नसते, हेही खरे आहे. पण त्या रात्री मला जाणवले की, अमेरिकेत व्यवस्थापनाने जे केले म्हणून नोबल सांगतो ते कोल्हापुरात मी केले होते, आणि तेही मालक नसताना.

मी बैठकीत तसे बोललो. नुकसान पाचही जणांत वाटायचे ठरले. वाटणी मोडली. मुलाने सगळ्यांना यंत्र शिकवायचे आणि मामांनी सगळ्यांना लोखंड शिकवायचे, रोज संध्याकाळी एक तास, कामाच्या वेळात. ही शेवटची अट माझी, ती मी जुन्या सवयीने घातली. यंत्रातला प्रत्येक आकडा एका वहीत लिहिला जातो. कुणी, केव्हा, कशाने मोजून बदलला ते त्यापुढे येते, आणि दोन सह्यांशिवाय बदल होत नाही. विक्रेत्याने काही आकड्यांना परवलीचा शब्द घालून ठेवला होता, तो मागून घेतला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

धूळ ओढणारा पंखा मात्र आम्ही उशिरा घेतला, याची मला लाज वाटते. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली तिला निश्चित कारणांच्या यादीत घातले. याची पत्रके मी स्वतः दुसऱ्यांच्या कारखान्यांच्या दारात वाटली होती. आमच्याच दारात पंखा यायला सात महिने लागले, कारण पैसे नव्हते. मालकांचे हेच उत्तर मी आयुष्यभर खोटे मानीत आलो.

कर्जाचे हप्ते थकले, पुन्हा सुरू झाले, अजून चालू आहेत. मुलगा पुण्याला गेला नाही. मामांना आकड्यांचे हुकूम वाचता येतात. पडद्यावरची ओळ वाचून ते सांगतात की, इथे पाते फार खोल जातेय, सागवान फुटेल, आणि ते फुटते. त्या पट्टीला लाल रंग देऊन ती भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. मधूनमधून मामाच ती काढून वापरतात आणि परत टांगायला विसरतात, त्यावरून रोज एकदा तरी बोलाचाली होते. कुणाला यंत्र पाहायचे असेल तर जरूर यावे. सकाळी आलात तर बरे, दुपारी पंखा असूनही डोळ्यांत जाते.