पट्टा ओरडतो तेव्हा

(सुलतानपूर, ता. लोणार येथे महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायकांच्या शिबिरात गाडीच्या पट्ट्यावर भाषण कशाला, असे सकाळी काही जणींनी विचारले. त्याचे उत्तर आधी देते. सुलतानपूरहून लोणारला, मेहकरला, बीबीला जाणाऱ्या रस्त्यांवर आता बायका गाड्या चालवताना दिसतात. कोणी शाळेत शिकवायला जाते, कोणी सासूला डोळे तपासायला नेते, कोणी रात्री-अपरात्री शेजारच्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचवते. आपल्या हाती येते ती गाडी बहुतेक वेळा जुनी असते. नवी गाडी आली की ती कर्त्या पुरुषाची, आणि दारातली जुनी मारुती आपली. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, म्हणजे त्यातली सर्वांत नवी गाडीसुद्धा दहा वर्षे ओलांडून गेली आहे.

अशी गाडी सकाळी चालू करताना किंचाळू लागली की घरात म्हणतात, ‘काही नाही, बेल्ट ओरडतोय, चालू दे.’ मिस्त्री म्हणतो, ‘सोडून जा, बघतो.’ आपण दोघांचेही ऐकतो, कारण त्या आवाजाचा अर्थ आपल्याला कोणी सांगितलेलाच नसतो. गाडीचा परवाना आपल्याला मिळाला, बॉनेटखालचे ज्ञान मिळाले नाही. आज तेवढ्याविषयीच बोलायचे आहे.

पिठाच्या गिरणीत आपण सगळ्याजणी डबा घेऊन उभ्या राहिलो आहोत. मोटारीच्या चाकावरून गिरणीच्या चाकावर जाणारा पट्टा आपण लहानपणापासून पाहतो. गाडीतही हेच आहे. इंजिनच्या खालच्या बाजूला एक पुली फिरते. रबरी पट्टा तिचे फिरणे वर अल्टरनेटरला देतो. याला आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात. तो बॅटरी भरतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, आणि पंप इंजिन थंड ठेवतो. एसी असेल तर त्याला बहुधा आणखी एक पट्टा असतो.

फरक एवढाच की गिरणीचा पट्टा सपाट असतो, तर जुन्या गाडीचा आतल्या बाजूला निमुळता, पाचरीसारखा असतो. पुलीच्या खाचेत तो रुततो आणि दोन्ही कडांनी पकड घेतो. खाचेच्या तळाला तो टेकत नाही, टेकायला नको. पकड सुटली की पुली फिरते आणि पट्टा घसरतो. त्या घासण्याचा आवाज म्हणजे ही किंकाळी. घसरल्याने पट्टा तापतो, कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग तो आणखीच घसरतो. बॅटरी भरत नाही, दिवे मंद होतात. पंप मंदावला की इंजिन तापते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला वेळ लागत नाही. पट्टा शेकड्यांत येतो, तापून बिघडलेल्या इंजिनचे काम हजारांत जाते. म्हणून ‘चालू दे’ हा सल्ला स्वस्त नाही.

आता जरा कायद्याकडे वळू, कारण पट्टा आणि बाई यांच्याविषयी कायद्याने फार पूर्वी मत दिलेले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्रांविषयी कलम २२ होते. चालत्या यंत्राची तपासणी करताना पट्ट्याला हात लावायचा तर तो खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून, असे त्यात सांगितले होते. ते कपडे मालकाने पुरवायचे होते. स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांना मात्र चालत्या यंत्राची सफाई, तेलपाणी, जुळवणी करायला मनाईच होती. पाहा बरे, पुरुषाला शिक्षण आणि कपडे, बाईला मनाई! धोका खोटा नव्हता. पदर, ओढणी, वेणी पट्ट्यात गेली तर क्षणात घात होतो. पण हा धोका बाईच्या बाईपणात नव्हता, तो सुट्या कपड्यात आणि न शिकवण्यात होता. शिवाय विजेवर चालणाऱ्या ठिकाणी सामान्यतः दहा कामगार असले तरच तो कायदा लागू होई. गावच्या गिरणीत रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांचे पदर त्याने वाचवले नाहीत.

म्हणून आपला नियम आपणच करू, आणि तो पुरुषांनाही लागू राहील. चालत्या पट्ट्याजवळ कोणीही हात नेणार नाही. गाडी बंद करायची, किल्ली काढून स्वतःच्या कमरेला खोचायची. पदर खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, वेणीचा अंबाडा घालायचा, बांगड्या उतरवायच्या. इंजिन निवू द्यायचे. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर असतो आणि इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून बॅटरीची ऋण तार सोडवून मगच कामाला लागायचे.

आता आवाज ओळखू. सकाळी गाडी चालू करताना, किंवा दिवे आणि एसी एकदम लावल्यावर लांब किंचाळी येत असेल, तर बहुधा पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झाला आहे. चिमणीसारखी ठरावीक अंतराने चिवचिव येत असेल, तर पुल्या एका रेषेत नसतील. सतत घरघर येत असेल, तर दोष पट्ट्याचा नसून एखाद्या बेअरिंगचा असण्याचा संभव जास्त. पावसाळ्यात ओल लागून थोडा वेळ आवाज आला आणि थांबला, तर घाबरायचे कारण नाही. रोज येऊ लागला तर पाहायलाच हवे.

पाहायचे काय? पट्टा वळवून त्याच्या आतल्या कडा पाहा. भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी, तेलाचा ओलावा यांतले काहीही असेल तर पट्टा बदलायचा. तेल किंवा रेडिएटरचे पाणी कुठून गळते ते आधी थांबवायचे, नाहीतर नवा पट्टाही आठवड्यात ओरडेल. पट्टा खाचेत खोल जाऊन तळाला टेकत असेल, तर पट्टा किंवा पुली झिजली आहे. मग दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. त्याहून बराच जास्त दबला तर ढिला.

ताण देणे अवघड नाही. अल्टरनेटर खाली एका बोल्टवर झुलतो आणि वर लांबट खाचेच्या पट्टीत दुसऱ्या बोल्टने धरलेला असतो. दोन्ही बोल्ट पान्याने थोडे सैल करायचे. लाकडी दांडा अल्टरनेटरच्या भक्कम अंगाला लावून तो बाहेर ओढायचा, वरचा बोल्ट आवळायचा, मग खालचा. पुन्हा अंगठ्याने पाहायचे. फार ताणू नका. जास्त ताणलेला पट्टा ओरडत नाही, पण पंपाची आणि अल्टरनेटरची बेअरिंगे खातो. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून, निवल्यावर पुन्हा पाहायचा, आणि आठवड्याने एकदा.

पट्टा बदलताना तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून पुलीवर चढवू नका, आतले धागे तुटतात. पट्टा काढला की प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहा. खरखर लागली किंवा पुली हलली, तर बेअरिंग गेले आहे. आणि एक सवय सोडायची. गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ लावतात म्हणून गाडीच्या पट्ट्यालाही राळ, साबण, मेण किंवा तेल लावायचे नाही. आवाज चार दिवस दबतो, कारण तसेच राहते. काही गाड्यांत झाकणाआड टायमिंग बेल्ट असतो. तो वेगळा, त्याला आपण हात लावायचा नाही. तो ठरलेल्या किलोमीटरला जाणकार मिस्त्रीकडूनच बदलून घ्यायचा.

मिस्त्री आपला शत्रू नाही. पण त्याच्याशी बोलायला शब्द हवेत. ‘आवाज येतोय’ एवढेच म्हणू नका. ‘एसी लावला की किंचाळतो, पट्टा इंचभर दबतोय, पंपाचे बेअरिंग बघा,’ असे म्हणा. जुना पट्टा परत मागा. पावती मागा. बदलायचे कारण विचारा. विचारणाऱ्या बाईला उगीच तीन वस्तू बदलून देणे कठीण जाते.

वाटेत आवाज अचानक थांबला आणि बॅटरीचा लाल दिवा लागला, तर खूश होऊ नका, पट्टा तुटला असेल. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापेल. गाडी कडेला घ्या, बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. समृद्धी महामार्गावर असाल तर गाडीत बसू नका, कठड्यापलीकडे उभ्या राहून मदत मागवा. तिथे वेगाने येणाऱ्या गाड्या थांबलेली गाडी वेळेवर पाहतीलच असे नाही.

आणि हे काम बायकांना नवे आहे असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. त्या गाडीतही पट्टा होता. वाटेत तिने चोंदलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि ब्रेकला चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईने केला, वाटेतल्या दुरुस्त्यांसह. आपल्या शेजारच्या परभणीच्या शीला डावरे पुण्याला गेल्या आणि १९८८ पासून रिक्षा चालवू लागल्या.

आज इथून उठण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवू. जिच्या घरी जुनी गाडी आहे, तिने पट्ट्याच्या पाठीवर छापलेला आकडा वहीत लिहून घ्यायचा आणि तसाच एक पट्टा, दोन-तीन पाने आणि हातभर लांब लाकडी दांडा गाडीत ठेवायचा. आणि प्रत्येक गटातल्या दोघींनी हे काम स्वतःच्या हाताने करून बाकीच्यांना शिकवायचे. बाहेर अंगणात गाडी उभी आहे, आता निवलीही असेल. पदर खोचा आणि चला.