गड आणि सपाटी
(पिंपळी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

१७०० साली राजाराम महाराज वारले. पंचविशीतल्या ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. सह्याद्री त्यांच्या बाजूने होता. बादशहाने एकेका गडापुढे महिने घालवावेत आणि त्याची पाठ वळताच मराठ्यांनी गड परत घ्यावा, असं चाललं. १७०७ साली बादशहा अहमदनगरला वारला. मुलूख हाती आलाच नाही.

पण आपली पिंपळी सपाटीवर. इथे ना कडा, ना तट. फौज कुणाचीही असो, दाणा-वैरण गावांनीच पुरवायची. १७०२ ते १७०४ दख्खनमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा रिकाम्या कणगीपुढे कोण बसली असेल? ताराबाईंचं नाव उरलं, तिचं नाही. युद्धाचा नकाशा कुणी दाखवला, तर आधी तिचं घर कुठे आहे ते विचारूया.