चाकांची निगा

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. लोहार ती तापवून लाल करतो, लाकडी चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. निवताना ती आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. या धावेला कोणी कधी घासूनपुसून चकचकीत केल्याचे ऐकिवात नाही. ते काम रस्ताच करीत असे. गाडीवान आसात वंगण घाली, बैलांना पाणी दाखवी, आणि त्याचे कर्तव्य तिथे संपे.

धावेच्या जागी रबर आले आणि ही सोय गेली. रबर मऊ, म्हणून धक्के सोसते. पण मऊ म्हणूनच ते कापले जाते, उन्हाने वाळते, तेलाने फुगते. त्याची निगा राखावी लागते. आज मी बोलणार आहे ते या निगेबद्दल. विशेषतः डांबरी रस्ता सोडून खाणीत, चिखलात आणि दगडगोट्यांतून जाणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या टायरांबद्दल, आणि आजकाल ज्यांची फार आवड दिसते त्या निस्तेज काळ्या रंगाच्या चाकांबद्दल. विषय ऐकून कोणी म्हणेल, चाक धुवायचे त्यात व्याख्यान कसले? या प्रश्नाचे उत्तर आपण तांबरमला जाऊन शोधू.

तांबरम हे चेन्नईचे दक्षिणद्वार. शहराच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटरांवर, तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या ग्रँड सदर्न ट्रंक रोडवर ते वसले आहे. १९३१ साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्याकडून विजेची उपनगरी गाडी इथवर आली, १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज इथल्या झाडीत येऊन राहिले, आणि २०२१ साली तांबरमची स्वतंत्र महानगरपालिका झाली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो या परिसरातला दगड. तांबरम आणि सेंट थॉमस माउंट यांच्या दरम्यान पल्लावरम, त्रिशूलम अशा टेकड्या आहेत. त्यांतल्या निळसर काळ्या पाषाणाला थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने १८९३ साली ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. कलकत्त्याचा संस्थापक म्हणून ज्याचे नाव सांगतात त्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरची शिळा याच जातीच्या दगडाची आहे, म्हणून हे नाव. भूशास्त्राच्या ग्रंथांत हा दगड जगभर प्रसिद्ध आहे. चेन्नईच्या गवंड्यांना तो ‘ब्लू मेटल’ म्हणून ठाऊक आहे. शहराची घरे, पूल आणि रस्ते यांच्या पोटात याच दगडाची खडी आहे.

ही खडी वाहून आणणारा टिपर दहा-बारा टायरांवर चालतो. चार्नोकाइट अतिशय कठीण. फुटला की त्याला सुरीसारखी धार येते. खाणीतून बाहेर पडणाऱ्या टिपरचे टायर नीट पाहावेत. नक्षीच्या खोल खाचांत खडे रुतलेले असतात, बाजूंवर राखाडी भुकटीचा थर असतो, आणि त्या थराखाली काय आहे ते कोणालाच दिसत नसते. टायर धुण्याचे पहिले कारण हेच. तो सुंदर दिसावा हे दुसरे कारण. आणि दुसऱ्याने पहिल्यावर मात करू नये एवढेच माझे सांगणे आहे.

प्रथम टायर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. चेन्नईपुरते बोलायचे तर तिरुवोट्टियूर येथे १९४६ साली मुलांचे फुगे करण्याकरिता जो छोटा उद्योग मम्मेन माप्पिल्लै यांनी आरंभिला, त्याचीच पुढे एम. आर. एफ. ही टायर कंपनी झाली. फुग्यापासून टिपरच्या टायरपर्यंतचा हा प्रवास एकाच शहरात घडला. नैसर्गिक रबराचा रंग फिकट असतो. टायर काळा दिसतो तो त्यातल्या काजळीमुळे. ही काजळी शोभेची नव्हे. तिच्यामुळे रबर झिजेला तोंड देते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचावते.

टायरमध्ये आणखी एक गोष्ट मुद्दाम घातलेली असते. हवेतला ओझोन वायू रबराला चिरा पाडतो. त्याला अडवण्यासाठी मेण आणि काही रसायने रबरात मिसळतात. चाक फिरते, रबर दबते आणि सुटते, तसतशी ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि त्यांचे पातळ कवच होते. हवा लागून ते तपकिरी पडते. आपण म्हणतो, टायर जुना दिसू लागला. वस्तुतः तो स्वतःचे रक्षण करीत असतो! म्हणूनच पुष्कळ दिवस एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे टायर चालत्या गाडीच्या टायरांपेक्षा कधी कधी लवकर तडकतात. त्यांना हे कवच नवे करण्याची संधीच मिळत नाही.

आता धुण्याकडे वळू. गाडी खाणीतून आली की लगेच पाणी मारू नये. ब्रेकमुळे चाके तापलेली असतात. त्यांवर साबण टाकला तर तो वाळून डाग पडतात. गाडी सावलीत उभी करावी आणि चाकाला हात लावता येईल इतके ते निवू द्यावे. मग खाचांतले खडे बोथट टोकाच्या आकड्याने काढावेत. मागच्या जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड अवश्य पाहावा. तो दोन्ही टायरांना आतून खातो आणि वेगात निसटला तर मागून येणाऱ्या गाडीची काच फोडतो. यानंतर साध्या पाण्याने चिखल भिजवून खाली सोडावा, आणि सौम्य साबणाच्या पाण्याने टायरच्या बाजू ताठ केसांच्या ब्रशाने घासाव्यात. ब्रश नसेल तर नारळाची शेंडी उत्तम, आणि तांबरमला नारळाची वाण नाही. फेस तपकिरी निघायचा थांबला की टायर स्वच्छ झाला. दाबाने पाणी मारणारे यंत्र असेल तर त्याची तोटी रबराच्या अगदी जवळ नेऊ नये; अरुंद धारेत टायरला इजा करण्याइतके बळ असते.

टायर स्वच्छ झाला की तो बोलू लागतो. त्याच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. समजा, ते ३५२२ आहेत. तर हा टायर २०२२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षीच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झीज तिथवर पोचली की टायर बदलावा. बाजूवर फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. दगडाने कापलेली फट खोल असेल तर आतल्या तारा दिसतात, आणि तारेपर्यंत पाणी पोचले की गंज आतल्या आत पसरतो. यांतले काहीही चिखलाखाली दिसत नाही. डॉक्टरने रोग्याला तपासण्यापूर्वी त्याच्या अंगावरची घोंगडी बाजूला करावी, तसेच हे आहे.

आणि नेमकी हीच घोंगडी पुन्हा पांघरण्याचे काम टायर पॉलिश करू शकते. बाजारात ही पॉलिशे दोन प्रकारची मिळतात. एक पाण्यात मिसळलेले, दुधासारखे. दुसरे खनिज तेलाच्या द्रावकातले, झटकन भपकेदार चमक देणारे. दुसऱ्या प्रकारातले द्रावक रबरातले रक्षक मेण धुऊन नेण्याचा संभव असतो. पुष्कळ ठिकाणी तर पॉलिशचाही खर्च न करता रॉकेल, डिझेल किंवा जळके इंजिन ऑइल फासतात. टायर तासाभरात नव्यासारखा काळाभोर दिसतो, परंतु खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते, आणि जड वाहनांच्या टायरांत नैसर्गिक रबराचा अंश मोठा असतो. पॉलिश लावायचेच तर पाण्याच्या आधाराचे लावावे, टायर पूर्ण वाळल्यावर लावावे, स्पंजने पातळ पसरावे, दहा मिनिटांनी जादा राहिलेले कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि ब्रेकवर त्याचा थेंबही पडू देऊ नये. जाड थर दिला तर खाणीच्या पहिल्याच फेरीत भुकटी त्यावर चिकटून बसते आणि सारा खटाटोप मातीत जातो.

जुने टायर विकत घेणाऱ्याने तर चमकेपासून सावधच राहावे. बाजूवरच्या बारीक चिरा काळ्या पॉलिशाखाली सहज लपतात. कोरड्या फडक्याने पॉलिश पुसून, रबर अंगठ्याने किंचित वाकवून पाहावे. ग्राहक असे करू लागला की विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भावही वाचण्यासारखा असतो.

आता निस्तेज काळ्या चाकांविषयी. हौशी मंडळींच्या जीपगाड्यांना आज अशी चाके हवी असतात, आणि चेन्नईहून सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे निघालेल्या या गाड्या तांबरमवरूनच जातात. हा रंग चमकत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत असतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो, याच्यावरून तो सर्व दिशांना विखुरतो. म्हणून या चाकांना मेण, पॉलिश, पुटी यांपैकी काही लावू नये. घासून खडबडीतपणा एकदा नाहीसा झाला की तिथे चकाकणारा डाग पडतो, आणि तो परत निस्तेज करता येत नाही. चाक नव्याने रंगवावे लागते. भांडी घासण्याची पावडर, तारेची घासणी आणि आम्ल ही तिन्ही वर्ज्य. सौम्य साबण, मऊ फडके, आणि चाकासाठी वेगळी बादली एवढे पुरे. बादली वेगळी अशासाठी, की चाकावरचे लोखंडाचे कण गाडीच्या अंगावर जाऊन ओरखडे काढू नयेत. बोअरचे पाणी जड असेल तर ते वाळून पांढरे ठिपके उठतात आणि काळ्या रंगावर ते उठून दिसतात. म्हणून पाणी आपोआप वाळू न देता टिपून घ्यावे.

टिपरची पोलादी चाकेही काळ्या रंगाने रंगवण्याची चाल आहे. इथे एक धोका सांगितला पाहिजे. चाक जिथे हबवर टेकते आणि नट जिथे बसतात, तिथे रंगाचे जाड थर साचले तर नट रंगावर आवळले जातात. रंग दबतो, झिजतो आणि नट सैल पडतो. सैल नटाभोवती गंजाच्या रेघा उमटतात. चाक धुणाऱ्याने त्या रेघा पुसण्याआधी चालकाला हाक मारावी. रेघ पुसली तर सूचना पुसली गेली!

आता पाण्याविषयी थोडे. २०१५ सालच्या डिसेंबरात तांबरमच्या पश्चिमेकडील मुडिचूर, वरदराजपुरम या वस्त्या पुराने वेढल्या गेल्या होत्या. त्यानंतर चौथ्याच वर्षी, २०१९ च्या उन्हाळ्यात, चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून २५ लाख लिटर पाणी आले. त्याच उन्हाळ्यात शहराने सिक्करायपुरम येथील सोडून दिलेल्या दगडखाणींत साचलेले पाणीही शुद्ध करून प्यायला घेतले. ज्या खड्ड्यांतून टिपरांनी दगड वाहून नेला, त्याच खड्ड्यांनी शहराची तहान भागवली. अशा गावात चाकांवर नळी मोकळी सोडून गप्पा मारीत बसणे शोभत नाही. चिखल आधी कोरडा खरवडून काढावा, धुतलेले पाणी टाकीत साठवून गाळ बसू द्यावा, वरचे तेल काढावे आणि तेच पाणी पहिल्या धुण्याला पुन्हा वापरावे. बादलीत काम होत असेल तर नळी उघडू नये.

हे सारे करतो कोण? गाडीचा मालक क्वचितच करतो. महामार्गालगतच्या ‘वॉटर वॉश’च्या पाटीखाली गुडघाभर ओल्या विजारीने उभा असलेला एखादा पोरगेला इसम ते करतो. काम लवकर उरकावे म्हणून त्याच्या हाती कधी चाके उजळवणारे जहाल आम्ल दिले जाते. अशा द्रवांपैकी काहींत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरते, आणि सौम्य असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर इजा झालेली असते. चाक पाच मिनिटे आधी उजळावे म्हणून माणसाचा हात पणाला लावणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्याला रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पायांत गमबूट द्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे म्हणणे ऐकावे. टायरचा प्रत्येक इंच जवळून पाहणारा मनुष्य तोच. ‘साहेब, इथे फुगवटा आहे,’ हे त्याचे एक वाक्य कित्येक जिवांचे मोल राखते. तो बोलला म्हणून गाडीला उशीर झाला, अशी कुरकुर केली की पुढच्या वेळी तो बोलत नाही.

तमिळनाडूत नवरात्राच्या नवमीला आयुधपूजा होते. आपल्याकडे तीच खंडेनवमी. त्या दिवशी तांबरमचे टिपर धुऊन निघतात. त्यांना चंदन-कुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात, चाकांखाली लिंबे ठेवून गाडी त्यांवरून नेतात आणि रस्त्यावर कोहळा फोडतात. या फोडलेल्या कोहळ्यांवरून दुचाकी घसरू नयेत म्हणून ते लगेच बाजूला करा, असे तिथले अधिकारी दरवर्षी विनवतात. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. जू जिथे घासते तिथेच तो हात फिरतो. शिंगांचा हिंगूळ आणि पाठीवरची झूल नंतर येते. शेतकऱ्याला हा क्रम कोणी शिकवावा लागला नाही. येत्या खंडेनवमीला गाडीला हार घालण्यापूर्वी आपणही तोच क्रम पाळावा: आधी चाके धुवावीत, मग ती निरखून पाहावीत, आणि काही दोष दिसला तर हार बाजूला ठेवून प्रथम टायरवाल्याकडे जावे.