दप्तर कोणाचे?

(वाशिम येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्यकारभाराची चर्चा आपण धोरणे, अंदाजपत्रके आणि निवडणुका यांपुरती करतो. तहसील कचेरीतील अभिलेखकक्षाकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाही. वस्तुतः गरिबाचा हक्क अनेकदा तेथेच बुडतो.

आपल्या वाशिमचेच पाहा. 1905 पर्यंत हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता; मग तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. जिल्हे मोडतात, जोडले जातात. पणजोबाच्या कागदासाठी हेलपाटे मात्र सामान्य माणसालाच पडतात. मानोरा तालुक्यातील तांड्यावरच्या बंजारा मुलाला जातपडताळणीसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून भटकत होते, त्याच्या घरी जुना सातबारा कोठून असणार? अशा वेळी कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची एखादी ओळ त्याचे शिक्षण तारते. ते पान वाळवीने खाल्ले असेल, तर अपराध शासनाचा आणि शिक्षा त्या मुलाला!

धनिकाचा कागद गहाळ झाला तरी ताबा, पैसा आणि वकील त्याच्या पाठीशी असतात. कुळाचे तसे नाही. विदर्भासाठी 1958 मध्ये कूळकायदा झाला. परंतु ज्याची वहिवाट दप्तरी नोंदलीच गेली नाही, त्याने कूळ असल्याचे सिद्ध कसे करावे? रोजगार हमीच्या मजुराच्या घामाची साक्षही हजेरीपटच देतो. नोंदीचा प्रश्न अशा रीतीने वर्गीय प्रश्न ठरतो.

कायद्यांची वाण नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने अभिलेख सूचीबद्ध ठेवलेच पाहिजेत. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही त्याच वर्षाचा आहे. तरीही 21 जून 2012 च्या आगीत खुद्द मंत्रालयातील फायली भस्मसात झाल्या. संगणकावर सातबारा मिळू लागला, हे स्वागतार्हच. परंतु तलाठ्याच्या वहीतील चूक संगणकाने आपोआप सुधारत नाही.

म्हणून सहाही तालुक्यांत अभिलेखांच्या सूचीची मागणी करा. चावडीवाचनास निरक्षर शेतमजुरालाही सोबत न्या आणि त्याची नोंद त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावा. दप्तर सरकारच्या ताब्यात असले, तरी मालकी जनतेची आहे.