औषध आणि हक्क

यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगी आणि दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन हीं दोन नांवें एका दमांत घेतलीं, तर आपणांस नवल वाटेल. परंतु सरकारी दवाखान्याच्या दारांतून रिकाम्या हातीं परतण्याचें दुःख कोठेंही सारखेंच असतें.

समजा, कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी मजूर स्त्री तापानें फणफणलेलें मूल घेऊन दवाखान्यांत गेली, आणि औषधाऐवजीं तिच्या हातीं बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी पडली. मजुरी बुडालीच, वर उसनवारीही आली. तिनें एकटीनें गाऱ्हाणें केलें, तर दया येऊन कोणी तिला औषध देईलही. पण उद्यां तें शेजारणीला मिळेलच असें नाहीं. ज्यासाठीं कोणाची मर्जी धरावी लागत नाहीं, त्यालाच हक्क म्हणावयाचें.

हा भेद दक्षिण आफ्रिकेंतील लोकांनीं फार मोल देऊन ओळखला. एड्सच्या विषाणूची लागण आईकडून बाळास होऊं नये, यासाठीं नेव्हिरापिन नांवाचें औषध होतें. उत्पादकांनीं तें सरकारला पांच वर्षें विनामूल्य देऊं केलें होतें. तरीही सरकारनें तें दर प्रांतांत दोन केंद्रांपुरतेंच ठेविलें. १९९८ सालीं केपटाऊन येथें स्थापन झालेल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन’ या संघटनेनें हा प्रश्न हातीं घेतला. तिच्यांतील रुग्णांनीं औषधाचें कार्य आधीं स्वतः समजून घेतलें, मग वस्तीवस्तींत जाऊन इतरांस शिकविलें. संघटना न्यायालयांतही गेली. आणि ५ जुलै २००२ रोजीं तेथील घटना-न्यायालयानें तें बंधन उठविण्याचा हुकूम दिला. फुकट देऊं केलेलें औषधही संघटित मागणीवांचून मातांपर्यंत पोंचलें नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आपल्याकडेंही या दिशेनें काम झालें आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखालीं २००७ सालीं अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे व तेव्हांचें उस्मानाबाद या पांच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरूं झाली. गांवच्या समितीनें दवाखान्याची सेवा पाहून चांगलीस हिरवा, मध्यम असेल तर पिवळा व वाईट असेल तर लाल रंग द्यावयाचा. आणि जनसुनवाईंत अधिकाऱ्यांनीं लोकांसमक्ष उत्तर द्यावयाचें, अशी ही रीत.

एकाच गांवचा लाल रंग पाहिला, तर तो तेथील परिचारिकेचा दोष वाटतो. पण दहा गांवांचे तक्ते शेजारीं शेजारीं ठेवले, आणि सर्वत्र तेंच औषध संपलेलें व तीच जागा रिकामी दिसली, तर प्रश्न परिचारिकेला नव्हे, जिल्ह्याच्या कारभाराला विचारावा लागतो. गांवागांवांचें जाळें विणावयाचें तें यासाठींच. जुलै २०१२ मध्यें केपटाऊन येथें भरलेल्या जागतिक जनआरोग्य सभेंत अनेक देशांचे कार्यकर्ते जमले, त्यांचाही हेतु एकमेकांचे अनुभव असे शेजारीं ठेवून पाहण्याचा होता.

फुलसावंगीनें व भोंवतालच्या गांवांनीं आरंभ लहानच करावा. एक वही घालावी. तींत तारीख, न मिळालेलें औषध आणि बाहेर झालेला खर्च लिहावा. रुग्णाचें नांव लिहूं नये. महिनाअखेर सर्व गांवांच्या वह्या एकत्र वाचाव्या, ग्रामसभेपुढें ठेवाव्या आणि लेखी उत्तर मागावें. पावसाळ्यापूर्वीं हें काम सुरूं झालें, तर सर्पदंशावरील लस केंद्रांत आहे कीं नाहीं, हें शेतांत कोणास साप चावण्याच्या आधींच कळेल.