गुन्हा ठरलेला खेळ

वाद्यावरील ठेका ऐकून पोलीस येत असल्याचें ओळखावें, असें आपण कधीं ऐकलें आहे काय? ब्राझील देशाच्या बाहिया प्रांतांत असें एक वाद्य आहे. त्याचें नांव बेरिम्बाव. लवचिक काठीला तार ताणून धनुष्य करावयाचें, खालच्या अंगास पोखरलेला भोपळा बांधावयाचा व बारीक छडीनें तारेवर आघात करावयाचा. एकतारीचा भोपळा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना हें वाद्य अगदींच परकें वाटणार नाहीं. घोड्यांच्या टापांची आठवण देणारा त्यावरील एक ठेका 'काव्हालारिया' या नांवानें आजहि ओळखला जातो. घोडेस्वार पोलीस येत असल्याची ती सूचना होती, असें जुने खेळाडू सांगत आले आहेत.

हा खेळ म्हणजे कापोएरा. आफ्रिकेंतून, विशेषतः अंगोलाच्या बाजूनें, गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनीं व त्यांच्या वंशजांनीं तो घडविला. मंडळी रिंगण करून टाळ्या वाजवितात. एकजण गाणें सांगतो, बाकीचे झील धरतात. मध्यें दोघे गडी सारखे डोलत असतात. या डोलण्यास 'जिंगा' म्हणतात. त्यांतूनच लाथ, हूल व कोलांटी निघते. बेरिम्बाव संथ वाजूं लागला कीं खेळहि संथ होतो. यास नृत्य म्हणावें कीं युद्ध? खेळणारे दोन्ही म्हणतात.

१८८८ सालीं ब्राझीलमध्यें गुलामगिरी रद्द झाली. आणि अवघ्या दोन वर्षांनीं, १८९० च्या दंडसंहितेनें रस्त्यांत कापोएरा खेळणें हा गुन्हा ठरविला. शिक्षा दोन ते सहा महिने कैदेची. माणसाच्या पायांतील बेडी निघाली ती त्याच्या खेळाला पडली, असेंच म्हणावें लागेल.

तरीहि खेळ टिकला. १९३२ सालीं साल्वादोर शहरांत मेस्त्रे, म्हणजे उस्ताद, बिंबा यांनीं शाळा काढली. १९३७ सालीं तिला सरकारी मान्यता मिळाली. मेस्त्रे पास्तिन्या यांनीं जुनी अंगोला पद्धति जपली. परंतु उतारवयांत त्यांच्या शाळेची जागा गेली, दृष्टीहि गेली, व १९८१ सालीं ते दारिद्र्यांत वारले. पुढें २०१४ सालीं युनेस्कोनें कापोएराचें रिंगण मानवजातीच्या वारशांत नोंदलें.

कापोएराच्या रिंगणांत उभा राहिलेला प्रत्येकजण टाळी देतो व झील धरतो. नुसता बघ्या तेथें कोणी नसतो. कलावंत हयात आहे तोंवर समाजानेंहि हीच रीत पाळली, तर पुढील सन्मानपत्रांना कांहीं अर्थ राहील.