उताराच्या टोकाला कळमना

नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. अंबाझरीकडची नाग नदी भर शहरातून, गोरेवाड्याकडची पिवळी नदी उत्तर नागपुरातून पूर्वेलाच येते आणि दोघींचे पाणी पुढे कन्हानला मिळते. कळमना, पारडी, भांडेवाडी या वस्त्या या उताराच्या शेवटी आहेत. शहर स्वच्छ आहे की नाही, हे वरच्या टोकाला नव्हे, तर या खालच्या टोकाला मोजले पाहिजे, हे मला आज मांडायचे आहे.

यासाठी व्हिक्टोरियाकालीन लंडनकडे पाहू. 1858च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले आणि अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या भूमिगत गटारांना पैसा मिळाला. 1866 साली कॉलरा पुन्हा आला, तेव्हा शहराचा बराचसा भाग वाचला. पूर्व लंडनमध्ये मात्र हजारो माणसे दगावली. तिथले गटारांचे काम अपुरे होते आणि पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या उघड्या तलावातले न गाळलेले पाणी नळात गेले होते. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी मृत्यूंचे आठवड्याचे आकडे विभागवार मांडले, म्हणून हा दोष उघडा पडला. साऱ्या लंडनची सरासरी काढून ते थांबले असते, तर पूर्वेकडचे मरण त्या सरासरीत बुडून गेले असते.

या इतिहासाचा एक धागा थेट नागपूरला पोचतो. अंबाझरीवरून शहराला नळाचे पाणी देण्याची योजना उभारणारे अभियंते अलेक्झांडर बिनी पुढे 1890 साली लंडन काउंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले. तिथल्या सांडपाण्याची व्यवस्था त्यांच्याच हाताखाली आली. आलेले पाणी घाण होऊन बाहेर पडणारच, हे लंडनने किंमत मोजून शिकले होते. पूर्व नागपुरात मात्र अनधिकृत लेआउट आधी वसले, बोअरवेल खोदल्या गेल्या, आणि गडर लाइन मागाहून, तीही तुकड्यातुकड्यांनी आली. शोषखड्डा आणि बोअरवेल एकाच प्लॉटवर असतील, तर खालच्या पाण्याची हमी कोणी द्यायची?

कळमन्यात तर बाजार समितीचे आवार आहे. संत्र्याचा बहार असो की मिरचीचा हंगाम, हमाल, अडते, गाडीवाले, शेतकरी पहाटेपासून इथे राबतात. तणस, फुटलेली संत्री, पालापाचोळा पावसाने नालीत वाहून आला की नाली तुंबते आणि चेंबरच्या झाकणातून पाणी वर येते. अशा वेळी लोकांना शिस्त नाही, हा पहिला आक्षेप हमखास घेतला जातो. शिस्त हवीच. पण पहाटे पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाला जवळ धड शौचालय नसेल, बाईमाणसाला तर अजिबातच नसेल, तर शिस्त पाळायची कुठे? दोष माणसांचा नव्हे, सोयीचा असतो: 1854च्या कॉलऱ्यात लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर डॉक्टर जॉन स्नो यांनी दूषित पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला. तिथे मेलेल्यांचा गुन्हा एवढाच की ते त्या पंपाचे पाणी प्याले.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे, पण अर्धाच. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, आणि तेवढे चांगले पाणी माणसांसाठी वाचते. सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळते, हे नागपूरनेच दाखवले आहे. तिसरा आक्षेप भूगोलाचा: पाणी उताराकडेच जाणार. जाऊ द्या. उतार दिशा ठरवतो. त्या पाण्यात काय असावे, हे महानगरपालिका आणि सुधार प्रन्यास ठरवतात. आणि हे पाणी कळमन्यापाशी थांबतही नाही. कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते.

तेव्हा मागणी साधी आहे: अतिसार, विषमज्वर, कावीळ यांचे वस्तीवार आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत, कळमन्यातल्या बोअरवेलच्या पाण्याची तपासणी त्यांच्याच शेजारी छापली जावी, आणि नवी गडर लाइन कुठे आधी टाकायची ते या कागदावरून ठरावे.